नाव झाकून, नाव उघडून

मराठी कवितेत एकाच पिढीचे आणि एकाच मराठवाड्याचे दोन कवी आहेत, फ. मुं. शिंदे आणि फ. म. शहाजिंदे. दोघांच्याही 'फ'चा उलगडा फकीर या शब्दाशीच होतो. एक फकीरराव मुंजाजी शिंदे, दुसरे फकीरपाशा महेबूब शहाजिंदे. घाईत उच्चारले तर कानाला फरक लागत नाही. लिहिताना एक उकार आणि एक अनुस्वार, एवढेच काय ते अंतर. शिंदे यांच्या एका संग्रहाचे नाव 'आदिम', शहाजिंदे यांच्या एका संग्रहाचे नाव 'आदम'. इथेही फरक एका वेलांटीचाच.

साहित्याच्या गप्पांत हा गमतीचा विषय होऊ शकतो. परंतु मला तो गमतीपलीकडचा वाटतो. ही दोन नावे इतकी जवळची असूनही मराठी समीक्षेच्या कपाटात त्यांच्या फायली वेगवेगळ्या खणांत आहेत. शिंदे 'कवी' या खणात, शहाजिंदे 'मुस्लिम कवी' या खणात. हे खण कवितेवरून ठरले की नावावरून? आणि नावावरून ठरले असतील, तर ते ठरवणारे केवळ 'ते' आहेत, की आपणही त्यात सामील आहोत? या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करायचा आहे.

१. नावांचा मुलूख

हा विचार भोर-वेल्ह्याच्या बाजूने केला तर सोपा जातो, कारण या मुलखाला नावे बदलण्याची आणि नावे वाटून घेण्याची जुनी सवय आहे. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याच वेल्ह्याच्या डोक्यावरचा तोरणा शिवकाळात प्रचंडगड झाला. १७०४ मध्ये औरंगजेबाने तो जिंकला आणि त्याला फुतूहुल्गैब असे नाव दिले. आज डोंगर चढणारा माणूस यातले कोणते नाव घेतो? तोरणाच म्हणतो. प्रचंडगड पुस्तकात राहिले, फुतूहुल्गैब त्याहून जाड पुस्तकात राहिले. नाव देण्याचा अधिकार सत्तेचा असतो, पण ते तोंडी ठेवायचे की नाही हे लोक ठरवतात.

माणसांच्या नावांचेही तसेच. ज्यांच्या जहागिरीच्या मुलखातून स्वराज्याची सुरुवात झाली, त्या शहाजीराजांचे नाव कुठून आले? मालोजीराजांनी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या पिराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. हिरडस मावळ आणि गुंजण मावळ या खोऱ्यांत ज्या घराण्याचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या घराण्याच्या मुळाशी एका पिराचे नाव आहे. हे सांगताना कुणाच्या अंगावर काटा येण्याचे कारण नाही आणि कुणी छाती फुगवण्याचेही कारण नाही. त्या काळच्या माणसाला नाव हे कुंपण वाटत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

पुण्याहून भोरकडे येताना वाटेत खेड शिवापूरचा कमर अली दरवेश यांचा दर्गा लागतो. तिथला दगड अकरा जणांनी एकेक बोट लावून उचलायचा असतो आणि उचलताना दरवेशाचे नाव पुकारायचे असते. ते नाव पुकारणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात. अशाच दर्ग्यांच्या, उरुसांच्या, नवसांच्या मुलखात हिंदू घरातल्या मुलांची नावे फकीरा, फकीरराव, पिराजी अशी पडली. शिंदे यांचे फकीरराव हे नाव या परंपरेतले आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक फकिरा हा मांग समाजातला. त्याच्या नावात कुणाला मुसलमान दिसत नाही, कारण ते नाव मराठी मातीत पूर्ण मुरले आहे.

उलट दिशेचे उदाहरण भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातले आहे. उत्तर पेशवाईतले शाहीर सगनभाऊ हे जेजुरीचे, जातीने शिकलगार मुसलमान. ज्याला ही माहिती नाही, त्याला सगनभाऊ या नावात धर्माची कसलीच खूण सापडणार नाही. त्यांची लावणी ऐकणाऱ्याला ती खूण हवी होती असेही वाटत नाही. लावणी चांगली की वाईट, हाच त्याचा प्रश्न असणार.

आडनावांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. इनामदार, देशमुख, पाटील, काझी, मुजावर, मुलाणी यांतली बहुतेक नावे मुळात वतनाची किंवा कामाची. मुलाणी तर गावगाड्यातला बलुतेदारच. वतन ज्याच्याकडे, आडनाव त्याचे. त्यामुळे इनामदार ब्राह्मणांत आहेत आणि आपल्यातही आहेत. औरंगजेबावर 'शहेनशहा' ही कादंबरी लिहिणारे ना. सं. इनामदार कोणत्या धर्माचे, हे निव्वळ आडनाव आणि विषय यांवरून ओळखायला सांगितले तर अनोळखी वाचक चुकण्याचीच शक्यता जास्त. नाव पाहून लेखकाचा धर्म ओळखणे आणि धर्म पाहून लेखनाचा विषय ओळखणे, ही दोन्ही अनुमाने या मुलखात टिकत नाहीत.

२. रंगमंचावरची नावे

लेखनात नाव बहुधा जन्माचेच राहते, फार तर आद्याक्षरांत लपते. अभिनयात मात्र नाव ही पोशाखासारखी गोष्ट आहे. इथे तुलनेसाठी दोन उदाहरणे समोरासमोर ठेवतो.

पेशावरमध्ये जन्मलेले युसूफ खान १९४४ च्या 'ज्वार भाटा' या चित्रपटापासून दिलीप कुमार झाले. हिंदी पडद्याचा तो रिवाजच होता. महजबीन बानो मीना कुमारी झाल्या, हमीद अली खान अजित झाले. नाव बदलले की प्रेक्षकाच्या मनातली एक शंका आधीच मिटते, असा त्यामागचा व्यवहार. त्यांच्या अभिनयाचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही, पण व्यवहार काय होता हे लपवण्याचेही कारण नाही.

मराठीतले उदाहरण नेमके उलटे आहे. १९१६ मध्ये बार्शीत जन्मलेले महेबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख झाले. या बदलाकडे आपल्या समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. पटेल हे आडनाव हिंदूंत आहे, मुसलमानांत आहे, पारशांतही आहे. ज्याला धर्म झाकायचा आहे त्याला पटेल हे आडनाव सोयीचे. या माणसाने तेच सोडले आणि ज्यात शंकेला जागाच नाही असे शेख हे नाव घेतले. पहिले नाव मात्र अमर. म्हणजे नावाचा एक भाग गावातल्या कोणत्याही आळीत खपेल असा, आणि दुसरा भाग थेट मोहल्ल्याचा पत्ता सांगणारा. युसूफ खान यांना पूर्ण नाव बदलावे लागले. महेबूब पटेल यांनी बदललेल्या नावात ओळख अधिक ठळक केली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा ज्या आवाजाने हलल्या, त्याचे नाव शेख होते आणि ते कुणाला खटकले नाही. याच अमर शेखांनी 'प्रपंच' चित्रपटात काम केले, 'पहिला बळी' हे नाटक लिहिले, 'कलश' हा कवितासंग्रह दिला. १९६९ मध्ये पुणे जिल्ह्यातच, इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात ते गेले. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख यांनी वडिलांचे घेतलेले नाव पूर्णच्या पूर्ण स्वतःच्या नावामागे ठेवले. एका पिढीने निवडलेले नाव दुसऱ्या पिढीत आडनाव झाले.

अमर शेखांच्या शेजारी कोल्हापूरचे शाहीर पिराजीराव सरनाईक यांना उभे करून पाहा. एका शाहिराच्या नावात पीर आहे आणि तो हिंदू आहे. दुसऱ्याच्या नावात अमर आहे आणि तो मुसलमान आहे. दोघांच्याही हातात डफ. नावांची ही अदलाबदल कुणी ठरवून केलेली नाही. ती आपोआप झाली, म्हणूनच ती महत्त्वाची आहे.

आता भोरकडे येऊ. मराठी चित्रपटातले सर्वांत लोकप्रिय नाव या तालुक्याशी जोडलेले आहे. दादा कोंडके यांचे घराणे मूळचे भोरजवळच्या इंगवलीचे. जन्म १९३२ चा, मुंबईच्या गिरणगावातला. खरे नाव कृष्णा. सेवादलाच्या कलापथकातून आलेला हा नट वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मुळे घराघरांत पोचला आणि १९७१ च्या 'सोंगाड्या'नंतर महाराष्ट्राचा दादा झाला. कृष्णा हे नाव मागे पडून दादा हे नाते पुढे आले, याला अर्थ आहे. नात्याच्या शब्दाला जात नसते आणि धर्मही नसतो. आपल्या घरांत तर या शब्दाला दुप्पट जागा आहे. मराठीतला दादा थोरला भाऊ, आणि घरच्या दखनी बोलीतला दादा म्हणजे वडिलांचे वडील. नाना पाटेकर हे नाव ऐकणाऱ्या आपल्या पोराला नाना म्हणजे आईचे वडील आधी आठवतात. तेच दोन अक्षरी शब्द, दोन बोलींत दोन नाती, आणि दोन्ही नाती जवळची. दादा कोंडक्यांच्या द्वयर्थी संवादांवर अभिरुचीच्या अंगाने पुष्कळ टीका झाली. ती टीका आपल्या जागी ठीक. परंतु गिरणीकामगार, शेतमजूर, हमाल, मग तो कोंडके असो की शेख, थिएटरात एकाच रांगेत बसून हसत होता, हे त्या टीकेत सहसा येत नाही.

पुणे जिल्ह्यातले दुसरे उदाहरण शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाई गावचे. बशीर मोमीन यांनी तमाशा फडांसाठी वग लिहिले, लावण्या लिहिल्या, आणि लोक त्यांना बी. के. मोमीन कवठेकर या नावाने ओळखू लागले. या नावातले मोमीन समाज सांगते आणि कवठेकर गाव सांगते. दादू इंदुरीकर, विठाबाई नारायणगावकर, तसेच मोमीन कवठेकर. तमाशाच्या जगात गावच आडनाव होते, आणि गाव लागले की माणूस आपला होतो. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार २०१८ साली मोमीन कवठेकरांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या वगांचा मराठी लोकनाट्याच्या अभ्यासात जेवढा विचार व्हायला हवा तेवढा झालेला नाही. याचे कारण त्यांचे नाव नव्हे. तमाशाचा लेखक कोणीही असला तरी अभ्यासकाच्या यादीत शेवटीच येतो. प्रत्येक उपेक्षेचे कारण धर्मात शोधू नये, हेही आपल्याला या उदाहरणातून शिकता येते.

आणि शेवटी फैय्याज. 'कट्यार काळजात घुसली'मधली झरीना साकारणाऱ्या, सोलापूरच्या या गायिका-अभिनेत्रीने आडनाव वापरलेच नाही. आग्रा घराण्याच्या उस्ताद फैयाज खाँ यांच्यामुळे हे नाव संगीतात पुरुषाचे म्हणून माहीत होते. मराठी रंगभूमीवर ते एका स्त्रीचे झाले. २०१५ मध्ये बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. एकाच शब्दाचे नाव, आणि तेवढ्यावर मराठी रंगभूमीचा सर्वोच्च मान.

३. एकच वर्ष, दोन मंच

या उदाहरणांवरून कुणी म्हणेल, की मग मराठीत नावाचा प्रश्नच नाही. सगळे मिसळलेले आहे, सगळे गोड आहे. मुस्लिम मराठी साहित्याची वेगळी चूल हवीच कशाला? हा प्रश्न आपल्याला गेली कित्येक वर्षे विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

१९९० हे वर्ष घ्या. त्या वर्षी पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. महानुभाव आणि संत साहित्याचा एवढा मोठा अभ्यासक अध्यक्षपदी बसला, याचा आनंद सगळ्या महाराष्ट्राला झाला. त्याच १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष फ. म. शहाजिंदे होते. एक मंच असताना दुसरा का उभारावा लागला?

पठाण सरांना मिळालेला मान त्यांच्या विद्वत्तेचा होता आणि तो सर्वार्थाने योग्य होता. परंतु ते ज्या साहित्याचे संशोधक होते, ते मराठी समाजाने आधीच आपले मानलेले साहित्य होते. मोहल्ल्यातली मराठी, तलाकपीडित बाईचे दुःख, दंगलीनंतरच्या रात्री, गावच्या जत्रेत नारळ फोडणारा आणि ईदला शीरखुर्मा वाटणारा शेतकरी, घरात दखनी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणारे पोर, या अनुभवाला जागा करून द्यायची होती. फक्रुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापुरात जे केले ते यासाठी. तो मंच दरवाजा म्हणून उभा राहिला. मराठीतून बाहेर जाण्यासाठी नव्हे, मराठीत आणखी आत येण्यासाठी.

या ठिकाणी फ. मुं. आणि फ. म. यांच्यातला फरक पुन्हा पाहावा लागतो. शिंदे यांनी आपल्या एका संग्रहाचे नाव 'फकिराचे अभंग' ठेवले. फकीर हा शब्द त्यांच्याकडे काव्याचे अलंकरण म्हणून, परंपरेचा वारसा म्हणून सहज येतो. त्यासाठी त्यांना कुठे खुलासा करावा लागत नाही. २०१४ च्या जानेवारीत भोरच्या शेजारीच, सासवडला ८७ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते उभे राहिले तेव्हा 'फकीरराव' या नावाविषयी त्यांना कुणी जाब विचारला नाही, आणि विचारूही नये. शहाजिंदे यांनी मात्र एका संग्रहाचे नाव 'निधर्मी' ठेवले. हा शब्द सहज येत नाही. ज्याला रोज धर्म विचारला जातो, त्यालाच संग्रहाच्या कव्हरवर हा शब्द लिहावासा वाटतो.

एकाच 'फ'चे हे दोन प्रवास आहेत. शिंदे या आडनावाला शहरात भाड्याने खोली मिळते. शहाजिंदे या आडनावाला आधी विचारतात, 'म्हणजे कोण?' हा प्रश्न कवितेत उतरला तर तो कवीचा दोष नव्हे. तो त्याचा अनुभव आहे.

४. दोन वाचने

आता मुद्द्यावर येतो. नावाच्या बाबतीत मराठी समीक्षेत दोन सवयी आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत.

पहिली सवय नाव उघडून वाचण्याची, आणि फक्त तसेच वाचण्याची. शहाजिंदे म्हटले की मुस्लिम जाणिवेची कविता, असे आधीच ठरते. मग त्यांच्या एका संग्रहाचे नाव 'शेतकरी' आहे याचे काय करायचे? मराठवाड्याच्या कोरडवाहू रानातला कवी म्हणून त्यांची तुलना त्याच भागातल्या इतर कवींशी कुणी करायची? 'मीतू' ही कादंबरी मराठी कादंबरीच्या चर्चेत यायची, की केवळ मुस्लिम मराठी कादंबरीच्या? खण एकदा ठरला की हे प्रश्न पडत नाहीत. परिसंवादात मुस्लिम लेखकाला बोलवायचे ते 'मुस्लिम मराठी साहित्य' या विषयावरच. 'मराठी कवितेतील पाऊस' या विषयावर त्याला काही म्हणायचे असेल, असे संयोजकाच्या मनात येत नाही. आपल्याकडच्या रानांवर मात्र पाऊस नाव विचारून पडत नाही.

दुसरी सवय चांगल्या मनाच्या माणसांची. ते म्हणतात, आम्ही नाव पाहत नाही, फक्त कविता पाहतो. ऐकायला हे फार बरे वाटते. पण नाव पाहायचेच नाही म्हटले, तर 'निधर्मी' या शब्दामागचा कळवळा कसा कळणार? 'आदिम' आणि 'आदम' यांत केवळ वेलांटीचा फरक आहे असे म्हणून पुढे जाता येईल. परंतु आदिम हे विशेषण आहे आणि आदम हा पहिला माणूस आहे, आपल्या धर्मकथेतला आणि आपल्या आजीच्या गोष्टीतला. एकच वेलांटी, पण तिच्यामागे एक अख्खे घर आहे. नाव न पाहणारा वाचक ते घर ओलांडून जातो.

म्हणून मला असे वाटते, की प्रत्येक कविता, कथा, वग दोनदा वाचावा. पहिल्यांदा नाव झाकून. त्या वाचनात शब्द, लय, प्रतिमा, भाषेची ताकद आणि भाषेचा आळस दिसेल. चांगले चांगले म्हणता येईल आणि वाईट वाईट. दुसऱ्यांदा नाव उघडून. त्या वाचनात लिहिणारा कुठे उभा आहे, त्याला काय सांगताना किंमत मोजावी लागली, हे दिसेल. पहिले वाचन न करता दुसरे केले तर समीक्षेची जनगणना होते. दुसरे न करता पहिलेच केले तर ती न्याय्य दिसते, पण अर्धी राहते.

५. आपल्या अंगणात

हा नियम इतरांना सांगणे सोपे आहे. स्वतःला लावणे अवघड. म्हणून थोडे आपल्याविषयी.

आपल्या लेखांत, भाषणांत, प्रबंधांत नावांच्या याद्या फार असतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद, मग सगनभाऊ, मग अमर शेख, मग हमीद दलवाई, मग आजचे कवी. यादीची गरज होती. 'मुसलमान मराठीत लिहितात का?' असे विचारणाऱ्यांना ते उत्तर होते. पण उत्तर देऊन झाल्यावरही आपण यादीच वाचत राहिलो. शेख महंमदांच्या 'योगसंग्राम'ची भाषा कशी आहे, सगनभाऊंची लावणी त्यांच्या समकालीन शाहिरांहून कुठे वेगळी आहे, मोमीन कवठेकरांच्या वगाची बांधणी कशी आहे, हे लिहिणारे आपल्यातही थोडेच. नाव आपले आहे, एवढ्यावर समाधान मानले की आपणही तोच खण वापरतो, ज्याविषयी आपली तक्रार आहे.

सर्वांत कठीण उदाहरण हमीद दलवाईंचे. हे नाव घेताच आपल्या बैठकीत दोन बाजू पडतात. एका बाजूला त्यांचा गौरव करणारे, त्यांत आपल्या समाजाबाहेरचे अधिक. दुसऱ्या बाजूला त्यांच्या राजकीय-सामाजिक भूमिकेवर रागावलेले. या ओढाताणीत 'लाट'मधल्या कथा आणि 'इंधन' ही कादंबरी दोन्ही बाजूंनी कमी वाचली जाते. ज्यांना त्यांचा सुधारक हवा आहे त्यांना कथाकाराशी देणेघेणे नाही, आणि ज्यांना सुधारक नको आहे ते कथाकारालाही दाराबाहेर ठेवतात. 'इंधन'मधले कोकणातले गाव, तिथली हिंदू-मुसलमान घरे, त्यांतले ताण, हे मराठी कादंबरीत एवढ्या आतून आधी फार कमी आले होते. दलवाईंशी पूर्ण मतभेद असणाऱ्यालाही हे मान्य करता येईल. पण त्यासाठी एकदा तरी ते नाव झाकून वाचावे लागेल.

या नावाने पुढे आणखी एक प्रवास केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आपल्या मुलाचे नाव दलवाईंच्या स्मरणार्थ हमीद ठेवले. आज साताऱ्याचे डॉ. हमीद दाभोलकर लिहितात, बोलतात, तेव्हा त्यांच्या नावावरून धर्म ओळखणाऱ्याची फसगत होते. पिराचे नाव घेऊन शहाजी झाले, फकिराचे नाव घेऊन फकीरराव झाले, आणि एका लेखकाचे नाव घेऊन हमीद. पहिली दोन नावे श्रद्धेने दिली गेली, तिसरे विचाराने. नावे ओलांडून जाण्याची या मातीची सवय विसाव्या शतकातही मोडली नव्हती, याचा हा पुरावा.

ती सवय आज टिकेल का, ही खरी चिंता आहे. आता नावांची तपासणी वाढली आहे. गावांची, रस्त्यांची, स्थानकांची, माणसांची. फेरीवाल्याला नाव विचारले जाते, भाडेकरूला विचारले जाते, प्रेम करणाऱ्यांना तर विचारलेच जाते. अशा काळात हिंदू घरात पुन्हा कुणी मुलाचे नाव फकीरराव ठेवील असे वाटत नाही, आणि आपल्या घरातही कुणी शाहीर आपल्याला अमर म्हणवून घ्यायला कचरेल. दोन्हीकडून नावे शुद्ध होत चालली आहेत. शुद्ध नावांच्या समाजात मिसळलेली भाषा फार काळ जगत नाही, आणि मराठी ही तर मुळातच मिसळलेली भाषा आहे.

साहित्याच्या हाती यावर फार मोठा उपाय नाही, पण एक लहान उपाय आहे. भोरच्या किंवा वेल्ह्याच्या एखाद्या वाचनालयात कुणी वाचकाने 'फ. म.' मागितले आणि ग्रंथपालाने चुकून 'फ. मुं.' हातात दिले, तर वाचकाने पुस्तक लगेच परत करू नये. आधी वाचावे. मग दुसरेही मागून घ्यावे आणि तेही वाचावे. दोन्ही पुस्तके घरी शेजारी ठेवावीत, 'आदिम'च्या बाजूला 'आदम'. त्यांच्यात काय सारखे आहे आणि काय वेगळे आहे, हे मग त्या वाचकाला कुठल्याही समीक्षकापेक्षा चांगले सांगता येईल. आपल्या वार्षिकाचे, आपल्या संमेलनांचे, आपल्या चळवळीचे काम एवढेच, की 'फ. म.' मागणारा वाचक त्या वाचनालयात यावा, आणि मागितल्यावर ते पुस्तक तिथे असावे.